संगणकावर काम करताना हात दुखू लागल्यास काय करावे, आणि कोणत्या क्रमाने

हात दुखतो म्हणून माझ्याकडे येणाऱ्या संगणक परिचालकांपैकी बहुतेकांनी काही ना काही उपाय आधीच केलेले असतात. मेडिकलमधून गोळी घेतलेली असते, मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळलेले असते, मोबाइलवर पाहून दोन-चार व्यायामही सुरू झालेले असतात. मात्र ज्या खुर्चीवर बसून आणि ज्या टेबलावर हात ठेवून दुखणे सुरू झाले, ती खुर्ची आणि ते टेबल जागचे हललेले नसते. मी तालुक्याच्या ठिकाणी टंकलेखन शिकवतो. माझ्या वर्गातून गेलेली मुले-मुली आज ग्रामपंचायतींत, आपले सरकार सेवा केंद्रांत आणि शाळांच्या कार्यालयांत काम करतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांचा क्रम असाच उलटा झालेला मी पाहतो. हे दुखणे एका झटक्यात होत नाही. तीच हालचाल दिवसाला हजारो वेळा झाल्याने स्नायूबंध (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) आणि नसा हळूहळू कुरकुरू लागतात. म्हणून आधी कारण दूर करावे, मग औषध घ्यावे आणि व्यायाम सर्वांत शेवटी करावा.

## टप्पा १ : नेमके कुठे दुखते ते कागदावर काढावे

एका कोऱ्या कागदावर आपला पंजा ठेवून पेन्सिलीने त्याची आकृती काढावी. तीन दिवस जिथे मुंग्या येतात तिथे ठिपके, जिथे दुखते तिथे रेघा आणि जिथे बधिर वाटते तिथे फुल्या माराव्यात. शेजारी वेळ आणि त्या वेळी चाललेले काम लिहावे. ‘सगळा हातच दुखतो’ असे सांगणाऱ्यांच्या कागदावरही तिसऱ्या दिवशी ठरावीक नक्षी उमटते, आणि पुढचे बरेचसे निर्णय तिच्यावरच अवलंबून असतात.

ठिपके अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू इतक्यांवरच असतील, करंगळी मोकळी असेल, आणि रात्री झोपेतून उठून हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातील अरुंद वाटेत, म्हणजे मनगटाच्या बोगद्यात, मधली नस दबत असण्याची शक्यता मोठी असते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. याउलट मुंग्या करंगळी आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटात असतील तर दोष बहुधा कोपरापाशी असतो. कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसणे, किंवा मोबाइल कानाला लावून कोपर बराच वेळ दुमडून ठेवणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या दिशेने अगदी हळू वाकवून पाहावे. तिथे तीव्र चमक निघाली तर अंगठ्याच्या स्नायूबंधांच्या आवरणाला सूज असू शकते. कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी दुखत असेल तर हात सरळ ठेवून, तळवा जमिनीकडे करून पाण्याने भरलेला तांब्या उचलून पाहावा आणि नंतर तोच तळवा वर करून उचलावा. पहिल्या वेळी दुखले आणि दुसऱ्या वेळी फारसे दुखले नाही, तर मनगट वर उचलणारे स्नायूबंध थकले आहेत. माऊसवर हात सतत अधांतरी धरणाऱ्यांत हा प्रकार आढळतो. मानेपासून निघून दंडातून खाली उतरणारी कळ मात्र वेगळी असते. तिचे मूळ मनगटात शोधू नये.

तपासणी : दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटे जमिनीकडे करून ६० सेकंद धरावीत. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत मुंग्या आल्या तर लगेच थांबावे आणि कागदावर नोंद करावी. मुंग्या आल्या नाहीत म्हणजे नस दबलेली नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये.

सावधान : हातातून वस्तू निसटत असतील, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट झाला असेल किंवा बधिरपणा दिवसरात्र जात नसेल, तर पुढचे टप्पे घरी करत बसू नये आणि थेट डॉक्टरांकडे जावे. सांधा लाल होऊन ताप आला असेल, किंवा दोन्ही हात बधिर होऊन चालताना तोल जात असेल, तरीही हेच करावे. हात दुखण्याबरोबर छातीवर दडपण, घाम किंवा धाप असेल तर ते संगणकाचे दुखणे समजू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा.

मधुमेह, थायरॉईडची कमतरता आणि गरोदरपण यांत मनगटातील नस लवकर दबते. ज्यांची रक्तातील साखर कधीच तपासलेली नाही, त्यांनी या निमित्ताने ती तपासून घ्यावी.

## टप्पा २ : दोन आठवडे भार कमी करावा

विश्रांती म्हणजे हात गळ्यात बांधून बसणे नव्हे. हात पूर्ण स्थिर ठेवला की सांधे आखडतात आणि स्नायू आणखी अशक्त होतात. जे काम केल्यावर दुखणे वाढते, नेमके तेच काम निम्म्यावर आणायचे आणि बाकी हालचाल चालू ठेवायची.

इथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. गावाकडच्या परिचालकाचा हात केंद्राला कुलूप लावल्यावर मोकळा होत नाही. दिवाळीच्या आगेमागे सुटीच्या दिवशी पऱ्हाटीत कापूस वेचायला जाणे, पाठीवरच्या फवारणी पंपाचा दांडा मारणे, ओल्या चादरी पिळणे, भरलेल्या बादल्या उचलणे, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीची मूठ घट्ट धरून वीस किलोमीटर जाणे, हा सगळा भार त्याच स्नायूबंधांवर पडतो. कापूस वेचताना बोंडातून सरकी-रुई ओढणारी बोटे आणि कळफलकावरची बोटे एकच आहेत. म्हणून टप्पा १ च्या कागदाच्या मागे दिवसभराची सगळी कामे लिहावीत आणि त्यांतली कोणती दोन आठवडे दुसऱ्याला देता येतील ते ठरवावे. परिचालक बाईमाणूस असेल तर पिळणे, मळणे आणि पाणी भरणे ही कामे बहुधा तिच्याकडेच असतात. ती काही दिवस घरातील इतरांनी करणे हा उपचाराचाच भाग आहे, हे घरी स्पष्ट शब्दांत सांगावे.

सावधान : संगणक बंद करून तेच काम मोबाइलवर अंगठ्याने करणे म्हणजे भार कमी करणे नव्हे. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर त्याने नुकसानच होते.

## टप्पा ३ : बैठक लावावी

या टप्प्यातील चुका सर्वांत जास्त असतात आणि त्या दुरुस्त करायला खर्च सर्वांत कमी येतो. खुर्ची, पाय, कळफलक, माऊस, पडदा, कागद आणि समोरचा माणूस या क्रमानेच जावे. पडदा आधी लावून खुर्ची नंतर बदलली तर पडदा पुन्हा हलवावा लागतो.

खुर्ची आणि पाय. साधे टेबल सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असते आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक सुमारे ४२ सेंटिमीटर. मध्यम उंचीच्या माणसाचे कोपर बैठकीपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर वर येते. म्हणजे कोपर टेबलापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली राहते, आणि ते वर आणण्यासाठी दिवसभर खांदे उचललेले राहतात. संध्याकाळी मान आखडते ती यामुळे. उपाय दोनच आहेत : टेबलाचे पाय कापून घ्यावेत किंवा बसण्याची उंची वाढवावी. टेबल स्वतःचे असेल तर सुताराकडून ते कमी करून घेणे मला जास्त पसंत आहे. कार्यालयाचे असेल तर एकात एक बसणाऱ्या दोन खुर्च्या घ्याव्यात आणि वर घट्ट घडी केलेली गोधडी ठेवावी. मऊ उशी तासाभरात दबते, म्हणून ती टाळावी. उंची वाढली की पाय अधांतरी लोंबतात, तेव्हा पायांखाली पाट किंवा पोत्यात गुंडाळलेल्या विटा ठेवाव्यात. खुर्चीचे हात टेबलाला अडत असतील तर बिनहाताची खुर्ची घ्यावी, नाहीतर माणूस टेबलापासून लांब बसतो आणि हात पुढे ताणले जातात.

कळफलक आणि माऊस. कळफलकाच्या मागचे दोन छोटे पाय बहुतेक सगळे उघडून ठेवतात. ते मिटवावेत, कारण ते उघडे असले की मनगट मागे दुमडते आणि बोगद्यातील दाब वाढतो. अक्षरांच्या भागाचा मध्य बेंबीसमोर यावा. टेबलावर काच असेल तर तिची कड मनगटाच्या आतल्या बाजूला रुतते, तेव्हा त्या कडेवर कापडाची जाड पट्टी चिकटवावी.

उजवीकडच्या आकड्यांच्या कळांमुळे माऊस वीतभर लांब जातो आणि खांदा बाहेर फाकलेला राहतो. ज्यांचे काम मुख्यतः मजकुराचे आहे त्यांनी आकड्यांचा भाग नसलेला कळफलक वापरावा. आधार क्रमांक आणि खाते क्रमांक दिवसभर भरणाऱ्यांना ते आकडे लागतातच, म्हणून त्यांनी माऊस डाव्या हाताला घ्यावा. संगणकाच्या सेटिंगमध्ये माऊसची बटणे उलटी करता येतात. पहिला आठवडा अवघड जातो, नंतर हात सरावतो.

पडदा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर एका हाताएवढे असावे. खाली कागदाची रिमे किंवा विटा ठेवल्या तरी चालते. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर पडदा थोडा खाली घ्यावा, नाहीतर माणूस हनुवटी वर करून पाहतो. लॅपटॉपवर दिवसभर काम असेल तर तो उंचावर ठेवून वेगळा कळफलक जोडणे अपरिहार्य आहे. मान आणि मनगट दोन्ही सांभाळील अशी लॅपटॉपची एकच उंची नसते.

आपल्याकडे उन्हाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. पारा ४५ अंशांवर गेला की खुर्ची कूलरकडे वळते आणि पडदा मात्र जागेवर राहतो, त्यामुळे दोन महिने मान एका बाजूला वळलेली राहते. कूलरसाठी वळायचे असेल तर सगळे टेबल वळवावे.

कागद आणि समोरचा माणूस. अर्ज टेबलावर सपाट ठेवून त्याकडे वाकून पाहत टाइप करणे ही मानेची सर्वांत वाईट सवय आहे. पोथी वाचताना ठेवतात तसे लाकडी घडीचे स्टँड पडद्याला लागून ठेवावे. अर्जदाराला बाजूला न बसवता पडद्याच्या कडेने समोर बसवावे.

बोटांच्या ठशाचे यंत्र ही आपल्या केंद्रांची खास अडचण आहे. शेतात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसा उमटत नाही, आणि परिचालक हात लांब करून समोरच्याचे बोट स्वतःच्या अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबून धरतो. दिवसातून शंभर वेळा हे केल्यावर अंगठ्याचे मूळ सुजणारच. यंत्र लांब वायरने अर्जदाराच्या बाजूला ठेवावे, बोट किंचित ओल्या फडक्याने पुसायला सांगावे आणि दाब त्यांनी स्वतःच्या दुसऱ्या हाताने द्यावा.

तपासणी : काम सुरू करून एक तास झाल्यावर कोणाकडून तरी बाजूने फोटो काढून घ्यावा. सुरुवातीला सगळेच नीट बसतात, म्हणून तो फोटो उपयोगाचा नाही. फोटोत कान खांद्यावर येतो का, कोपर साधारण काटकोनात आहे का आणि मनगट सरळ आहे का, एवढे तीनच प्रश्न विचारावेत.

## टप्पा ४ : हात चालवण्याची पद्धत बदलावी

जुन्या टंकलेखन यंत्रावर बोट आपटावे लागे. ती सवय शिकवणाऱ्यांकडून शिकणाऱ्यांकडे आली आहे, आणि शासकीय परीक्षेसाठी मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग गाठताना मुले अजूनही कळा ठोकतात. संगणकाची कळ अगदी हलक्या दाबाने उमटते. टाइप करताना मनगट टेकवू नये, पंजा हलका वर तरंगता ठेवावा. मनगट टेकवायचे ते थांबल्यावरच.

इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलक-रचनेत स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. त्यामुळे भार दोन्ही हातांत वाटला जातो, पण ‘ख’, ‘घ’, ‘थ’, ‘ध’ यांसाठी शिफ्ट लागते. एकाच हाताची करंगळी ताणून शिफ्ट आणि त्याच हाताच्या बोटाने अक्षर दाबणे ही मोठी चूक आहे. अक्षर उजव्या हाताचे असेल तर शिफ्ट डाव्या हाताने दाबावी. करंगळी फारच दुखत असेल तर शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबून स्टिकी कीजची सोय सुरू करता येते. मग दोन कळा एकत्र धरून ठेवाव्या लागत नाहीत.

माऊस मुठीत आवळू नये आणि मनगटातून न फिरवता कोपरापासून हलवावा. अर्जातील एका रकान्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी टॅब, मागे येण्यासाठी शिफ्ट-टॅब आणि नक्कल-चिकटवणीसाठी कंट्रोलसह सी आणि व्ही वापरल्यास माऊसचे बरेच काम वाचते. लांब मजकुरासाठी मराठीत बोलून टाइप करण्याची सोय उपलब्ध आहे. नावे आणि आकडे मात्र तपासूनच पुढे जावे.

सर्व्हर अडकलेला असताना माऊसवर हात ठेवून दर दोन सेकंदांनी क्लिक करत राहणे सर्वत्र दिसते. त्याने पान लवकर उघडत नाही, पण तर्जनी आणि खांदा ताणलेलेच राहतात. पान फिरायला लागले की दोन्ही हात मांडीवर ठेवावेत.

## टप्पा ५ : विश्रांती ठरवून घ्यावी

दर २० ते ३० मिनिटांनी एक-दोन मिनिटे हात कळांवरून काढावेत आणि तासाला एकदा उभे राहावे. घड्याळ पाहणे जमत नसेल तर छपाईचे यंत्र उठल्याशिवाय हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावे. दुखायला लागल्यावर घेतलेली विश्रांती उशिराची असते.

## टप्पा ६ : औषधोपचार

नस मनगटात दबत असेल तर मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री झोपताना लावावी, कारण झोपेत मनगट दुमडले जाते. निदान सहा आठवडे ती नेमाने लावावी लागते. चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडून देणारे फार असतात. अंगठ्याच्या दुखण्यात साधी मनगटपट्टी उपयोगाची नाही, अंगठाही स्थिर ठेवणारी पट्टी लागते.

सावधान : ताठ पट्टी बांधूनच टाइप करू नये. मनगट हलत नाही, म्हणून खांदा आणि कोपर वेडेवाकडे वळतात आणि दुखणे वर सरकते. क्रेप बँडेज घट्ट आवळल्यास आधीच दबलेली नस आणखी दबते.

नव्याने दुखावलेल्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे धरावा. मानेच्या आणि खांद्याच्या आखडलेल्या स्नायूंना गरम शेक बरा वाटतो. बधिर भागावर मात्र दोन्ही टाळावेत, विशेषतः मधुमेह असेल तर, कारण भाजलेले कळत नाही.

वेदनाशामक गोळ्या पोट आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, आणि उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झालेले असताना हा धोका वाढतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या रोज घेऊ नयेत. ‘नस बसवून’ देणाऱ्याकडून मनगट किंवा मान जोराने झटकून घेऊ नये. मुंग्या येणाऱ्या हातावर असा झटका देणे धोक्याचे आहे.

बैठक आणि सवयी बदलूनही सहा आठवड्यांत फरक नसेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवावे आणि फिजिओथेरपीसाठी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागावी. नसेची विद्युत तपासणी करावी लागल्यास नागपूर, अकोला किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात चौकशी करावी. जाताना टप्पा १ चा कागद अवश्य न्यावा. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत डॉक्टरांना पाच मिनिटे मिळतात आणि त्या पाच मिनिटांत तो कागद फार काही सांगून जातो. मनगटात स्टेरॉईडचे इंजेक्शन किंवा नसेवरचा दाब मोकळा करणारी छोटी शस्त्रक्रिया सुचवली गेली तर केवळ भीतीने ती टाळू नये. स्नायू वाळल्यानंतर केलेल्या शस्त्रक्रियेने ताकद पूर्ण परत येतेच असे नाही.

## टप्पा ७ : व्यायाम

स्वस्थ बसलेले असताना दुखणे थांबल्यावरच व्यायाम सुरू करावेत. पहिल्या आठवड्यात फक्त मोकळ्या हालचाली कराव्यात : बोटे सरळ, मग आकड्यासारखी वाकवलेली, मग पूर्ण मूठ, असे दहा वेळा सावकाश. हनुवटी मागे ओढून पाच सेकंद धरावी आणि खांद्यांची पाठीकडची दोन्ही पाती एकमेकींकडे आणावीत.

दुसऱ्या आठवड्यापासून हात समोर सरळ करून दुसऱ्या हाताने पंजा खाली वाकवावा आणि २० सेकंद धरावा, असे तीन वेळा करावे. हे सोसू लागल्यावर कोपराच्या दुखण्यासाठी पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली घ्यावी. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर आणि पंजा कडेबाहेर, तळवा खाली. दुसऱ्या हाताच्या मदतीने पंजा वर उचलावा आणि फक्त दुखऱ्या हाताने तो चार-पाच सेकंद घेत खाली सोडावा. असे दहा वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड करावे.

तपासणी : व्यायामानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाले तर प्रमाण योग्य आहे. सकाळीही वाढलेलेच राहिले तर निम्मे करावे. ताण देताना मुंग्या आल्या तर तो व्यायाम थांबवावा.

## टप्पा ८ : पूर्ण कामावर परतणे

बरे वाटलेल्या पहिल्याच दिवशी आठ तास बसणे ही शेवटची आणि फार महागात पडणारी चूक आहे. आधी सलग अर्धा तास, मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे वाढवत जावे. दुखणे परतल्यास आधीच्या पायरीवर यावे, पहिल्या पायरीवर नव्हे.

आपल्या कामाचा हंगाम ठरलेला असतो. जूनमध्ये प्रवेशासाठी जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, जुलैअखेरपर्यंत खरिपाचा पीकविमा, मार्चअखेर ग्रामपंचायतीच्या नोंदी. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज आणि पीकविमा एकाच वेळी आले, तेव्हा रात्री सर्व्हर मोकळा असतो म्हणून पहाटेपर्यंत बसलेले कितीतरी हात नंतर महिनोन्‌महिने दुखत राहिले. म्हणून मे महिन्यातच बैठक पुन्हा तपासावी आणि रात्रपट्टी हाताशी ठेवावी. जून-जुलैसाठी दिवसातले दोन तास टाइप करू शकेल असा दुसरा माणूस आधीच ठरवावा. रात्री काम करावेच लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळचे पहिले दोन तास छाननी, पावत्या आणि अर्जदारांशी बोलणे, अशी कळफलकाला हात न लावायची कामे घ्यावीत.